दाराचं टेबल

त्या घरात दार म्हणून नव्हतं. रस्त्यावरचं एक सोडलं, तर कुठेच नाही. जुना छापखाना तो. खाली चित्रं काढलेल्या भिंती नि कॉफीची दुकानं, वर सगळी कलाकार मंडळी. "दारं माणसाला खोटं वागायला शिकवतात," असं ट्रंपेटवाल्याने सभेत मांडलं आणि ठराव झाला. सगळ्यांत आधी हात कुणी वर केला? हिनेच! तिथल्या शिल्पकाराशी नुकतं लग्न झालेलं, त्याच्या प्रेमात आकंठ बुडालेली. वाटलं, वा, काय मोकळी माणसं! नवऱ्याने लगेच त्यांच्याच खोलीचं दार उतरवलं, खाली पाय ठोकले आणि सगळ्यांसाठी जेवणाचं टेबल केलं.

आता भोगा. दातांच्या दवाखान्यात ती दिवसभर दाराशी बसून एकेका पेशंटला आत सोडायची आणि घरी आली की तिलाच आत जायला जागा नाही. न्हाणीघरालाही नुसता पडदा. रडू आलं की कवयित्री पडदा सारून हजर, "रड गं, मोकळी हो!" नवऱ्याशी भांडावं, तर पलीकडून कुणीतरी म्हणणार, "तिचं बरोबर आहे हं." दार परत लावायचं तर सगळ्यांचे हात वर हवेत, आणि नेमका नवऱ्याचाच खाली. "माझ्यापासून काय लपवायचंय तुला?" त्याने विचारलं. काय सांगणार, कपाळ!

शेवटी तिने ठरवलं, रविवारी दादा येतोय, त्याला म्हणायचं, मला घेऊन चल. फोनवर तिची जीभ रेटली नव्हती. समोर असला की जमेल.

दादा आला. सगळ्यांनी मिठ्या मारल्या, बिचारा अंग चोरून उभा. जेवताना तो सारखा तिच्याकडे बघत होता.

"किती वाळलीयेस," तो म्हणाला. "जरा आत ये ना, बोलायचंय."

आत! ती उठली आणि तशीच उभी राहिली.

"इथंच बोला की," कवयित्री लाडाने म्हणाली. "आम्ही काय परके?"

सगळे हसले. मग अगदी मायेनेच, कान देऊन गप्प बसले. नवऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"सुखात आहेस ना?" दादाने विचारलं. "नसशील तर सांग. गाडी खालीच आहे."

सगळं ओठांवर आलं होतं. पण इतक्या डोळ्यांसमोर नवऱ्याची अब्रू काढायची?

"मजेत आहे रे," ती म्हणाली. "मला काय धाड भरलीय!"

जिन्यात तरी सांगू म्हणाली, तर त्याला पोचवायला अख्खं घर खाली उतरलं, ट्रंपेटसकट. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

ती एकटीच आधी वर आली नि टेबल पुसायला लागली. कडेखाली बोटांना गार लोखंड लागलं. कडी! नवऱ्याने ती काढायचा कंटाळाच केला होता. जिन्यात मंडळींचे हसण्याचे आवाज जवळ येत होते. तिने टेबलाखाली हात घातला आणि घाईघाईने कडी सरकवली. पुढे ती अडकायला काहीच नव्हतं.