तेरा बुंध्यांचे ठसे

चित्रकलेच्या बाईंचा जीव शुक्रवारच्या शेवटच्या दोन तासांत अडकला होता. अकरा वर्षं ते तास त्यांचे. पण आता गणिताच्या सरांचा त्यांवर डोळा होता, आणि सरांचा डोळा एकदा गेला की ती वस्तू गेल्यातच जमा. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका, त्या मात्र भलत्याच न्यायी. त्यांनी मधला मार्ग काढला.

"मुलांना निसर्गसहलीला न्या. झाडांच्या सालींचे ठसे घ्या, प्रदर्शन लावा. विज्ञानाचे सर बघतील. त्यांना पटलं तर तास तुमचे. नाही पटलं तर रंग कपाटात, आणि तुम्ही कार्यालयात हजेरीपट लिहायला."

बाईंनी आठ दिवस वर्गाला नुसतं पिळून काढलं. मेणखडूवरचा कागद सोलायचा, खडू आडवा धरायचा, दोघांनी कागद ताणून धरायचा, तिसऱ्याने हलक्या हाताने घासायचं. मुलांनी भिंती घासल्या, बाकं घासली, चपलांचे तळसुद्धा सोडले नाहीत. सगळ्यांत पुढे अर्थातच भिंगरी. एरवी या पोरीचं बूड एका जागी टिकायचं नाही, म्हणून तर हे नाव. गणितात तिला दोन आकडी गुण कधी पडले नव्हते, पण हातात खडू आला की तासभर हूं नाही की चूं नाही. बाईंचा तिच्यावर फार जीव होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही.

सहलीच्या दिवशी एकोणचाळीस मुलं घेऊन बाई बागेच्या फाटकाशी पोचल्या, तर गळ्यात शिट्टी अडकवलेला रखवालदार आडवा आला.

"झाडांना हात लावायचा नाही."

"अहो, फक्त ठसे घ्यायचेत. झाडाला काहीसुद्धा होत नाही."

"बाई, पाटी वाचा."

पाटीवर तसंच लिहिलं होतं. ती पाटी चार खिळ्यांनी झाडालाच ठोकलेली होती.

"बरं, मग खाली पडलेली पानं तरी?"

"शाळा येणार म्हणून पहाटेच झाडून घेतलं," रखवालदाराची छाती फुगली. "एक पान सापडलं तर बोला!"

बाईंचं धाबं दणाणलं. सहल फुकट गेली तर हजेरीपट ठरलेलाच. त्यांचा चेहरा बघून रखवालदाराला दया आली. माणूस तसा वाईट नव्हता. "हे घ्या की," तो म्हणाला, आणि त्याने कचऱ्याचे डबे दाखवले. सिमेंटचे डबे, पण घडण झाडाच्या बुंध्याची. वर तपकिरी रंग, सालीची नक्षी कोरलेली, मधोमध एक गाठसुद्धा. असे तेरा. "कालच धुतलेत," रखवालदाराने खात्री दिली.

आता करता काय? एकेका डब्याला तिघं तिघं चिकटली. एका डब्यापाशी मात्र दोघंच दिसली, आणि भिंगरी कुठे म्हणून बाईंनी मान वळवली तर ती कुंपणामागच्या म्हाताऱ्या झाडाला बिलगलेली. कागद हनुवटीने दाबलेला, खालून गुडघ्याने, आणि एका हाताने घासणं चालू. रखवालदार त्याच बाजूला निघाला होता. बाईंनी घाईघाईने त्याला गाठलं आणि विचारलं, "शिट्टी छान आहे हो, कुठून घेतलीत?" त्या प्रश्नाची आयुष्यभर वाट बघितल्यासारखा तो पाव तास शिट्ट्यांवर बोलत राहिला.

भिंगरी परत आली ती हाताला चीक, केसांत मुंग्या आणि दोन ठिकाणी फाटलेला कागद घेऊन. ठसा कुठे दाट, कुठे तुटका, एका कोपऱ्यात चिरडलेल्या मुंगीची काळी रेघ. बाईंना तो इतका आवडला की त्यांनी तिच्या पाठीत प्रेमाने धपाटाच घातला.

प्रदर्शनात त्यांनी सगळ्यांच्या वर "बागेतले ठसे" एवढंच लिहिलं. त्यात खोटं काय होतं? विज्ञानाचे सर मोठ्या बाईंबरोबर फूटपट्टी घेऊन आले, एक ठसा मोजला, दुसरा मोजला आणि हरखूनच गेले.

"वा! अडतीस ठसे, आणि गाठ प्रत्येकात अगदी त्याच जागी! जातीचं लक्षण आहे हे. एकाच जातीची झाडं हुडकून काढलीत, बाई. याला म्हणतात अभ्यास!" मग ते भिंगरीच्या कागदापाशी थांबले. "हे काय? साल कधी अशी असते? मनानेच काहीतरी खरडलंय."

"सर, झाड फक्त तेच आहे," भिंगरी म्हणाली. "बाकीचे कचऱ्याचे डबे आहेत."

वर्ग मूग गिळून गप्प. फुकटची शाबासकी कुणाला नको असते? मोठ्या बाईंच्या कपाळाला आठी पडली. "बाई, ही काय म्हणतेय?"

"सांगा ना, बाई! तुम्हीच तर रखवालदारकाकांना बोलण्यात गुंतवलं होतं."

दारात गणिताचे सर नवं वेळापत्रक हातात घेऊन उभे होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग भिंगरीकडे पाहायचं टाळलं.

"तिची कल्पनाशक्ती... जरा जास्तच आहे," त्या म्हणाल्या.

त्यांना लाज वाटली. अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तास वाचले. वाचले काय, मोठ्या बाईंनी खूश होऊन आणखी एक वाढवून दिला, आणि डब्याच्या एका ठशाला चौकट करून कार्यालयात लावलं. गणिताचे सर हार मानणाऱ्यातले नव्हतेच. त्यांनी त्याच वेळेला शेजारच्या खोलीत कच्च्या मुलांसाठी जादा वर्ग काढला. ज्याला यायचं त्याने चित्रकलेच्या बाईंची सही आणावी.

शुक्रवारी बाई मेणखडूंची नवी पेटी घेऊन आल्या. भिंगरीला द्यायची, दोन शब्द बोलायचे, असं त्यांनी घरून ठरवून आणलं होतं. भिंगरी टेबलाशी आली ती चिठ्ठी घेऊन.

"बाई, सही हवी होती. मी गणिताला बसते."

"तू? अगं, तुला गणित आवडत नाही ना?"

"नाही आवडत. येतही नाही."

"मग कशाला जातेस, बाळा?"

"तिथे माझं चुकलं की चुकलेलंच असतं," भिंगरी म्हणाली. रागाने नव्हे, साधं सांगितल्यासारखं. "आणि बरोबर आलं तर सर बरोबरच देतात."

बाईंनी पेटी पुढे सरकवली.

"नको बाई, तिथे पेन्सिल लागते."

बाईंनी सही केली. त्यांच्या हक्काच्या तीन तासांपैकी पहिला नुकताच सुरू झाला होता.