कुलूप कशाला लावलं?

मनोज सरांनी फळ्यावर खडूने कुलूप काढलं. चित्रकलेशी त्यांचं जन्माचं वाकडं, त्यामुळे ते कडी लावलेल्या भोपळ्यासारखं दिसत होतं. तरी अकरावीच्या वर्गाने ते बरोबर ओळखलं, कारण कादंबरीच्या शेवटच्या पानावर कुलूप सोडून दुसरं काही नव्हतंच. धरणाचं पाणी ओट्याला लागलंय, बैलगाडी भरून उभी आहे, आणि घरातली आई गाडीत बसता बसता मागे फिरते, दाराला कुलूप लावते आणि किल्ली पदराच्या टोकाला बांधते.

"आता मला सांगा," सर म्हणाले, "जे घर दोन-चार दिवसांत बुडणार, त्याला कुलूप कशाला लावलं?"

दुसऱ्या बाकावरून जगन उठला.

"चोर येतील म्हनून."

सरांनी डोळे मिटून घेतले. टोकावड्याच्या या शाळेत आल्यापासून ते दरवर्षी हीच कादंबरी शिकवत होते. दरवर्षी हाच प्रश्न, आणि दरवर्षी कुणीतरी उठून हेच उत्तर देई. परीक्षेत हे उत्तर आलं की सर त्यावर लाल शाईने भली मोठी फुली मारत.

"जगन, पाण्याखालच्या घरात चोर शिरणार कसा?"

"पोहत जाईल, सर. आमच्याकडं समद्यांना पोहता येतं."

वर्ग हसला. सरांनी भोपळ्याखाली 'प्रतीक' आणि 'उपरोध' असे दोन शब्द लिहिले आणि दोन्हींखाली ठसठशीत रेघा ओढल्या. शेवट आधी सांगून टाकायचा आणि मग मागे जाऊन त्याच्या खुणा हुडकायला लावायच्या, ही त्यांची पद्धत होती; वाचकाला आधी कळतं, पात्राला मागाहून, असं ते म्हणत. त्याप्रमाणे आता खुणांची पाळी आली. कादंबरीतल्या बापाने त्या साली भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजला नाही. आईने लोणच्याची मोठी बरणी तशीच पालथी ठेवून लहान बरणी भरली. थोरल्याने गळकं कौल बदललं नाही. घरात 'जायचं' हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. उलट बाप पारावर चारचौघांत ठासून सांगतो, आम्ही कुठं जात नाही.

"याला म्हणतात पूर्वसूचन," सर म्हणाले. "ज्याला जायचं असतं, त्याचे हात आधी थांबतात. तोंड मागाहून बोलतं."

हे वाक्य सरांचं स्वतःचं होतं आणि त्यांचा त्यावर फार जीव होता. ते म्हणून झालं की ते थोडा वेळ खिडकीबाहेर बघत. बघून झाल्यावर त्यांनी बापाच्या वाक्याखाली रेघ मारायला सांगितली, आणि येत्या शनिवारी प्रत्येकाने आपल्या आजूबाजूचं एक पूर्वसूचन शोधून आणायचं, असा गृहपाठ दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कारण सरांच्या बॅगेत, खालच्या कप्प्यात, बदलीचं पत्र होतं. संस्थेची बदलापूरला शाळा होती. तिथे जागा मिळावी म्हणून सरांनी किती वर्षं अर्ज केले त्याला गणती नाही, आणि ऐन दिवाळीत ती मिळाली होती. नाताळच्या सुट्टीनंतर हजर व्हायचं होतं. हेडमास्तरांना त्यांनी गळ घालून ठेवली होती, कुणाला कळू देऊ नका, निरोप समारंभ तर मुळीच नको. मागच्या वर्षी खेळाचे सर बदलून गेले तेव्हा शाल-श्रीफळ होऊन भाषणं सुरू झाली आणि मनोज सर असे रडले, की जाणारा माणूस उठून त्यांना पाणी द्यायला आला. तेव्हापासून टोकावड्यात त्यांचा हा गुण सगळ्यांना ठाऊक होता. म्हणून त्यांचा बेत साधा होता. सुट्टी लागली की नेहमीसारखं मोटारसायकलवर बसून बदलापूरला घरी जायचं आणि परत यायचंच नाही.

तो आठवडा मुलांनी गाजवला. हायवेवरच्या ढाब्याच्या पाटीवर 'घरगुती चव' लिहिलेलं होतं, त्याला साईनाथने उपरोध ठरवलं. हेडमास्तर प्रार्थनेनंतर "दोनच मिनिटं बोलतो" म्हणाले, तेव्हा रांगेतून "अतिशयोक्ती" असा हलका आवाज आला. सर मनातून खूश होते. आपण पेरलं ते उगवलं, असं त्यांना वाटलं.

शनिवारी सकाळी पहिली उठली चिमी. ती डोंगराकडच्या वाडीवरून चालत येई, आणि वर्षभरात तिचा आवाज वर्गाने क्वचितच ऐकला होता.

"सरांनी यंदा तांदूल सांगितला नाय," ती म्हणाली आणि खाली बसली.

सरांना आधी काही उमगलंच नाही. चिमीचा आजा धाकलू दरवर्षी भाताची झोडणी झाली की सरांना नव्या तांदळाची एक गोण देई. नवा तांदूळ शिजवला की गिचका होतो, म्हणून ती गोण वर्षभर मुरत ठेवायची आणि आदल्या सालची फोडायची. यंदा झोडणी होऊन तांदूळ भरडून आला, तरी सरांनी शब्द काढला नव्हता.

"विसरलो असेन," सर म्हणाले. "हे काही पूर्वसूचन नव्हे. पुढे."

जगन उठला. "भिमाबायनं भाड्याच्या खोलीत दिलेली खाट सरांनी परत दिली. आता खाली झोपतात."

"माझी पाठ दुखते."

"गाडीला मागं कॅरेज बसवून घेतलं," साईनाथ म्हणाला. "मुरबाडला माझ्या मामाच्याच गॅरेजात."

"ते... भाजी आणायला."

"तुलस कुंडीसकट माझ्या आयशीला दिली," रविना म्हणाली. "बोललात, जरा पानी घालत जा."

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. सरांच्या मनात त्या घडीला भर दुपारचं ऊन होतं. त्यांनी खडू उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

"हे बघा," ते आवाज चढवून म्हणाले, "मी कुठेही जात नाही."

रविनाने पुस्तक उघडलं, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"सर, बाप पन असंच बोलतो. तुमीच रेघ मारायला सांगितली."

तास संपल्याची घंटा वाजली नसती, तर सरांनी पुढे काय केलं असतं ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी बदलापूरहून कुणालीचा फोन आला. ती त्यांची बायको. एका दवाखान्यात नोकरी करायची आणि बाकीच्या वेळात घर, सासू आणि पहिलीतली मनस्वी सांभाळायची.

"सांगितलंस का मुलांना?"

"नाही. त्यांनीच मला सांगितलं."

कुणाली हसली, पण थोडंच.

"मनस्वीला शाळेत 'माझे कुटुंब' असं चित्र काढायला दिलं होतं," ती म्हणाली. "मी घरात, आजी घरात, ती घरात. तू बाहेर, मोटारसायकलवर. मी विचारलं, बाबा बाहेर का? तर म्हणते, ते येतायत का जातायत ते मला नाही माहीत."

हे प्रतीक सरांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. जायला तर हवंच होतं, त्यात दुमत नव्हतं. अडचण एवढीच होती, की इथून निघायचं म्हटलं की डोळे आधी भरून येत होते, आणि ते डोळे घेऊन मुलांसमोर उभं राहायची त्यांची छाती होत नव्हती.

वर्गात मुलांनी तो विषय पुन्हा काढला नाही. सरांना हायसं वाटलं, ते सोमवार संध्याकाळपर्यंत. शाळेतून परत आले तर खोलीसमोरची हातभर जमीन उकरलेली, ओली केलेली आणि भोवती काट्यांचं कुंपण.

"वाल लावलेत पोरांनी," ओट्यावर बसलेली भिमाबाई म्हणाली. ती घरमालकीण. "शिमग्याच्या आगूदर शेंगा येतील बोलले. तुमीच पानी घालायचंय."

दुसऱ्या दिवशी साईनाथने सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की म्हसा गावच्या जत्रेत सरांसाठी घोंगडी बघून ठेवायला काकाला सांगितलंय, रंग मात्र सरांनीच पसंत करायचा. जत्रा जानेवारीत. बुधवारी रविनाच्या आईने तुळस परत आणून ठेवली आणि वर म्हणाली, की आपल्या दारात तुळशीला करमत नाही.

सरांना सगळं कळत होतं. ज्याला जायचं असतं त्याचे हात थांबतात, तर मग हात थांबूच द्यायचे नाहीत, असा पोरांचा डाव होता. चाळीस मिनिटांच्या तासात शिकवलेली गोष्ट कुणी इतकी मनावर घेईल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. रोज संध्याकाळी ते वालाला पाणी घालत आणि मग खोलीत जाऊन थोडं थोडं सामान बांधत.

रविवारी धाकलू आला. नातवाच्या गाडीवर मागे बसून, आपल्या आणि त्याच्या मध्ये तांदळाची गोण उभी धरून. दोघांनी ती उतरवून थेट खोलीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली.

"बाबा, मी सांगितली नव्हती."

"तुमी नाय, पोरीनं सांगितली."

सरांनी आतून दार लोटलं. खोलीत बांधलेली बोचकी होती, कॅलेंडर काढल्याने उघडा पडलेला खिळा होता, आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"बाबा, मी चाललोय. बदली झाली."

"म्हाईत हाय," धाकलू म्हणाला. "समद्या टोकावड्याला म्हाईत हाय."

"मग ही गोण कशाला? बरं, नेतो मी बदलापूरला."

"नेयाची नाय." म्हातारा गोणीवर हात ठेवून उभा राहिला. "मुराया ठेवलेला तांदूल जागचा हलवायचा नाय. बिघडतो. वरीस झालं का यायाचं आन् फोडायची."

असा नियम मुरबाड तालुक्यात आजवर कुणी ऐकला नव्हता. धाकलूनेही तो बहुधा गाडीवर येता येताच केला होता. पण सांगताना त्याच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही, आणि शेतीतलं सरांना ओ का ठो कळत नसल्याने त्यांना वाद घालायला जागा उरली नाही.

सोमवारी सर वर्गात गेले आणि फळ्याकडे वळलेच नाहीत.

"मी तुमच्याशी खोटं बोललो," ते म्हणाले. "मी जातोय. मुलगी लहान आहे, तिला मी घरात हवाय. मला जायचंय. आणि मला इथून जावंसं वाटत नाही. दोन्ही खरं आहे."

मग जगन बसल्या जागेवरूनच म्हणाला,

"सर, आमाला म्हाईतच होतं."

"मग त्या शनिवारनंतर कुणी विचारलं का नाही?"

"तुमीच बोललाव ना, वाचकाला आधी कळतं, पात्राला मागनं. मंग आमी थांबलो."

सरांना हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ ते दुसरंही आलं, ज्याला ते भीत होते. त्यांनी खडूची धूळ डोळ्यांत गेल्याचं सांगितलं. खडू त्या दिवशी अजून डबीतच होता, पण ते कुणी बोललं नाही. रविनाने पाण्याची बाटली पुढे केली.

सुट्टी लागली त्या सकाळी सरांनी मोटारसायकलच्या कॅरेजला बोचकी करकचून बांधली. खोली रिकामी झाली. कोपऱ्यात फक्त गोण राहिली. दारातल्या वालाला दोन-दोन पानं फुटली होती. सरांनी त्यांना शेवटचं पाणी घातलं, दार ओढून कुलूप लावलं आणि किल्ली भिमाबाईपुढे धरली.

भिमाबाईने हात मागे घेतले.

"तांदूल तुमचा, किल्ली तुमची. उद्या उंदरानं गोण फोडली तर आळ माझ्यावर?"

"अहो, पण खोली दुसऱ्या कुणाला..."

"तांदलाच्या गोणीवर कोन भाडेकरू झोपतंय, सर? जावा. उशीर व्हतोय."

सरांनी किल्ली हातात घोळवली. पदर नव्हता, म्हणून रुमालाच्या टोकाला बांधली आणि रुमाल खिशात ठेवला. बांधून झाल्यावर आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी चटकन इकडेतिकडे पाहिलं.

नाक्यावर अकरावीचा अर्धा वर्ग एसटीची वाट बघत उभा होता. सुट्टीच्या दिवशी, दप्तराविना, आणि मुरबाडला जाणारी गाडी तर नुकतीच निघून गेली होती. सरांनी मोटारसायकल थांबवली. शाल नाही, श्रीफळ नाही, भाषण नाही. ठरल्याप्रमाणे सगळं झालं होतं. चिमी जमिनीकडे बघत होती. साईनाथने कॅरेजची दोरी उगाच ओढून पाहिली.

जगन पुढे आला.

"सर, कुलूप लावलं?"

"लावलं."

"कशाला?"

सरांनी तोंड उघडलं. इतक्या वर्षांची सगळी उत्तरं जिभेवर होती, फळ्यावर रेघ ओढून लिहिलेली. त्यांनी खिशावर हात ठेवला.

"चोर येतील म्हणून."

जगनने थोडा विचार केला.

"बरोबर," तो म्हणाला, आणि गाडीला वाट द्यायला बाजूला झाला.