पाय लागलेला पाट

मित्रांनो, फणसाच्या लाकडाचा, वीतभर उंचीचा एक पाट तुमच्याशी बोलतो आहे. माझ्या कडा झिजल्या आहेत. मधोमध दोन पावलांएवढी जागा गुळगुळीत झाली आहे. एकेकाळी मी देवाचा पाट होतो.

रोह्याजवळच्या अष्टमी गावात एका सुताराने मला घडवले. वरसे गावच्या मैनाने मला पसंत केले आणि एसटीत मांडीवर घेऊन पेणला सासरी आणले. घराच्या पडवीतच त्यांचा गणपतींचा कारखाना होता. मैना साच्यातून मूर्ती काढायची आणि तिचा नवरा जगन त्या रंगवायचा. डोळे आखायची वेळ आली की मूर्ती माझ्यावर बसे. त्याचा मला अभिमान होता.

त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात जगनला दम लागू लागला. मूर्ती फळीवर ठेवली की तो खालीच बसे. हात थरथरू लागला. हात थरथरला की डोळा तिरका होतो आणि तशी मूर्ती कोणी नेत नाही. डॉक्टरांनी तपासले. साखर वाढली होती.

"रोज तासभर चाला," ते म्हणाले.

"तास? डॉक्टर, गणपती तोंडावर आलेत. जेवायला फुरसत नाय."

"मग दहा मिनिटे द्या, पण दम लागेल अशी. पायरीवर मिनिटभर जोरात चढउतार, मिनिटभर सावकाश. पहिले पंधरा दिवस हळूच करा. छातीत दुखलं तर लगेच थांबा."

ती दहा मिनिटे मैनाने शोधली. पांढऱ्या रंगाचा पहिला हात वाळेपर्यंत जगन बिडी ओढत बसायचा. तोच वेळ तिने धरला. घराला पायरी नव्हती, म्हणून तिने मला जमिनीवर ठेवले.

जगन मागे सरला. "अगो, देवाच्या पाटावर पाय? डोकं फिरलंय काय तुझं?"

"देव दुसऱ्या पाटावर बसंल. तुमी गेलात तर त्याचे डोळे कोन आखंल?"

तिने मला नमस्कार केला आणि नवऱ्याला वर चढवले. त्या दिवशी मला फार वाईट वाटले. ज्या जागी देव बसायचा, तिथे भेगाळलेल्या टाचा आल्या.

मैना भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून मिनिटे मोजायची. शेजारचे हैबतराव कुंपणावरून हसायचे. "जगनशेठ, पलटनीत भरती झालात काय?"

"व्हय," मैना म्हणायची, "तुमचं पोट बघूनच सुरू केलंय. या, जागा हाय."

तीन महिन्यांत जगनची साखर उतरली. बिडी मागे पडली. त्या वर्षी त्याने आखलेल्या डोळ्यांत एकही तिरका निघाला नाही. तेव्हा मला कळले की पाय लागल्याने माझा मान गेला नव्हता.

चार वर्षे असे चालले. एकदा जगन म्हणाला, "तू पन चढ गो."

"मी दिवसभर उभीच असते. मला कसला व्यायाम?"

जगनला ते पटले. मलाही पटले. माती मळणे, पाणी भरणे, साचे उचलणे, एवढे करणाऱ्या बाईला आणखी काय हवे? पाणी आणताना ती वाटेत थांबू लागली. विचारले तर म्हणायची, "पायात गोळा आला." आम्ही तेही खरे मानले.

सत्त्याण्णवच्या श्रावणात एका सकाळी ती साच्यांना टेकून बसली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदयविकाराचा झटका होता.

ती माझ्यावर चढली असती तर वाचली असती, असे मी म्हणणार नाही. ते मला माहीत नाही. पण तिचा दम आम्हाला दिसला असता. तिला तपासता आले असते.

जगनने मला पोत्यांमागे टाकले. वर्षभर मी तिथे होतो. माझ्यावर धूळ आणि मातीचा थर बसला. त्याची साखर पुन्हा चढली, हात पुन्हा थरथरू लागला. मग एका दुपारी त्याने मला बाहेर काढून ओल्या फडक्याने पुसले. पण तो स्वतः चढला नाही. साचे भरायला येणाऱ्या बायजाबाईला त्याने हाक मारली.

"आधी तू चढ गो. मी मोजतो."

"अरे देवा! मला नको कवायत. घरी भाकऱ्या राहिल्यात."

"दहा मिनिटांत भाकऱ्या पळून नाय जात. हळूच चढ."

बायजाबाई लाजत, हसत चढली. दुसऱ्याच मिनिटाला तिचे हसू थांबले. ओठ पांढरे पडले, हात छातीवर गेला. जगनने तिला बसवले आणि रिक्षा करून लगेच दवाखान्यात नेले. रक्तदाब खूप वाढला होता. गोळ्या सुरू झाल्या. पुढे डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ती रोज माझ्यावर चढू लागली आणि तिच्यानंतर जगनही. अजूनही दोघे माझ्यावर चढतात.

मित्रांनो, माझे एक ऐका. दहा मिनिटे कोणालाही मिळतात. पण घरात ती सगळ्यांत शेवटी कोणाला मिळतात, तेवढे पाहा. आज आईला विचारा, "तुला दम लागतो का?" ती "नाही" म्हणेल. तिच्यासोबत एखादा जिना चढा. बोलू नका. नुसता तिचा श्वास ऐका.