दोन नावांचा कागद

पहाटेच्या पाण्याचा नेम यांगजीने कधी मोडला नव्हता. देवापुढच्या सात पितळी वाट्या पुसायच्या, ओढ्याचं पाणी भरायचं आणि काठाशी जवाचा एक दाणा मावेल एवढीच जागा सोडायची. जास्त सोडली तर हात आखडता, सांडलं तर मन थाऱ्यावर नाही. मुलगा गेल्यापासून रोज एक तरी वाटी सांडत होती. आज सत्तेचाळिसावा दिवस, आणि आजही चौथी वाटी सांडलीच.

बुद्धाच्या पायाशी तळहाताएवढा कागद उभा होता. त्यावर लामांनी कमळात बसलेली आकृती काढून खाली मुलाचं नाव लिहिलं होतं, फुर्बा. एकोणपन्नासाव्या दिवशी वाट दाखवणारा शेवटचा पाठ झाला, की तो कागद दिव्यावर धरायचा. त्यानंतर त्या माणसाला त्याच्या नावाने कुणी हाक मारायची नाही. मारली तर जाणारा मागे वळून बघतो. रडायचंही नाही. आईची आसवं त्याच्या वाटेवर गारा होऊन पडतात. सत्तेचाळीस दिवसांत यांगजीने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं.

दाराबाहेर निखाऱ्यावर तिने सातूचं पीठ आणि लोणी टाकलं. “फुर्बा, ये रे. जेवून घे.”

धूर सरळ वर निघून गेला. हा येतच नाहीये, तिला वाटलं. त्या सकाळी तरी ‘फुर्बा’ म्हटल्यावर कुठे वळला होता?

त्या सकाळचं तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मोसमातली पाहुण्यांची पहिली तुकडी घेऊन तो खिंडीकडे निघाला होता आणि हातमोजे चुलीवर वाळत राहिले. ती ते घेऊन अंगणात धावली. “फुर्बा!” अशी हाक दिली, तर तुकडीतला स्वयंपाकी वळला, मागचा हमालही वळला. गुरुवारी जन्मला तो फुर्बा. या डोंगरात एक दगड भिरकावला तरी कुठल्यातरी फुर्बालाच लागायचा. तिचा फुर्बा आपला पुढे चाललेलाच. मंत्र कोरलेल्या दगडांच्या मणी-भिंतीच्या वळणाआड तो जाणार, एवढ्यात चोवीस वर्षं दातांआड धरलेलं नाव तिच्या तोंडून निसटलं.

“नोर्साङ!”

तो लगेच थांबला. हसत धावत आला, मोजे घेतले, आपलं कपाळ तिच्या कपाळाला टेकवलं आणि गेला. तिसऱ्या दिवशी खिंडीखाली वरून एकच दगड आला. बाकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

नोर्साङ हे त्याचं बारशाचं नाव. त्याच्या आधीची दोन लेकरं तिने तापातच गमावली होती. हा तीन वर्षांचा असताना तशाच तापाने फणफणला, तेव्हा थोरल्या लामांनी त्याचं नाव बदललं. म्हणाले, “आता हा फुर्बा. फुर्बा ढिगाने आहेत, मरण कुठल्या कुठल्या दारात विचारत फिरेल? मात्र जुनं नाव पुन्हा तोंडातून काढायचं नाही.” तिने बुद्धापुढे हात जोडून तसा नेम घेतला. पोर बरं झालं, वाढलं, वाटाड्या झालं. चोवीस वर्षं मरणाला त्याचा पत्ता नव्हता. अंगणात उभं राहून, भर उजेडात, तो तिने दिला.

आणि आता कागदावर फुर्बाच लिहिलेलं. लामा आठवड्याला एकदा येऊन त्याला वाट सांगत होते, पण त्याने ऐकलं तर ना! खरं नाव लिहायला सांगायचं, तर का ते सांगावं लागणार. मी माझ्या मुलाला हाक मारून मारलं, हे कुठल्या तोंडाने बोलायचं? आणि न सांगावं, तर पोर दोन जगांच्या मधे ताटकळणार. दोनच दिवस उरले होते.

“अगं, चूल की थडगं? विस्तव कुठाय?” शेजारची दोल्कर टोपलीभर बटाटे घेऊन आत आली. “अकरा गोरे येतायत दुपारी. त्यांना काय धूर वाढणार आहेस?”

गावच्या मठातल्या, गोम्पातल्या, मुखवट्यांच्या नाचाला दरसाल पाहुण्यांची तुकडी यायची आणि यांगजीच्या घरीच उतरायची. यंदाचं सगळं मुलानेच चैत्रात ठरवून ठेवलं होतं. त्याने दिलेला शब्द, नको कसं म्हणायचं?

दुपारी तुकडी आली. पुढे थुप्तेन होता, यांगजीच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. यंदा वाटाड्या तोच.

“सानीमा, चहा टाक. यांना सांगितलंय, जगात दोनच गोष्टी उंच. एक आमचा डोंगर, एक माझ्या मावशीचा आवाज.” बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. सत्तेचाळीस दिवस त्या घरात कुणी तिचा चढा आवाज ऐकला नव्हता.

“ओझी उतरव आधी,” ती म्हणाली. “बडबड मागून.”

अंगणात हमाल पाठीवरची ओझी सोडत होते. कुणीतरी ओरडलं, “ए फुर्बा, दोरी धर!” दोघे वळले. यांगजी आत गेली.

तुकडीत ओदिल नावाची बाई होती. फ्रान्सातली, सत्तरीला टेकलेली, जन्मभर सुईणपण केलेलं. हे तिचं तिसरं वर्ष. आधी दोनदा ती यांगजीच्या मुलाबरोबरच आली होती. मोडकंतोडकं बोलायची, पण बोलल्याशिवाय राहायची नाही. आल्या आल्या यांगजीच्या गळ्यात पडली, मग इकडेतिकडे कुणाला तरी शोधू लागली. थुप्तेनने तिचं सामान उचललं आणि “खोली वर, खोली वर” करत तिला जिन्याने नेलं. मावशीसमोर गेलेल्याची गोष्ट निघू नये, म्हणून त्याने तिला काहीच सांगितलं नव्हतं. “तो यंदा नाही,” एवढंच.

दुसऱ्या दिवशी गोम्पाच्या चौकात नाच झाला. कर्णे वाजले, काळ्या टोपीचे, मग उग्र मुखवट्यांचे नाचून गेले, आणि मग पांढऱ्या दाढीचा म्हातारा काठी टेकत आला. हे गमतीचं सोंग. पाहुण्यांची खोड काढायची मुभा त्याला. त्याने थेट ओदिलला हाताला धरून चौकात ओढलं, गुडघ्यावर बसवलं, नमस्कार शिकवला आणि ती वाकली तशी तिच्या टोपीत सातूचं पीठ ओतलं. गाव हसून लोळलं. दोल्कर म्हणाली, “म्हातारीला नवरा मिळाला गं!” यांगजी मण्यांची माळ ओढत बसली होती. गेल्या वर्षी त्या सोंगाला चौकात ढकलायला तिचा मुलगाच पुढे होता.

नाच सरल्यावर ओदिल पिठाने माखलेलीच घरी आली. यांगजी तव्यावर बटाट्याचं धिरडं घालत होती, दोल्कर शेजारी बटाटे किसत होती. ओदिल चुलीशी बसली, चहाचा पेला हातात घेतला आणि म्हणाली,

“आमा, आज नोर्साङ असता तर खूप हसला असता. कुठे गेलाय नोर्साङ?”

यांगजीच्या हातातलं उलथनं निखाऱ्यात पडलं.

थुप्तेन दारातून धावला. “ओदिल, नाही, ते नाव नको—”

“थांब.” यांगजीने त्याला हातानेच अडवलं. “हे नाव तुला कुणी सांगितलं?”

“त्यानेच! पहिल्या वर्षी, पहिल्याच दिवशी.” ओदिल हसतच होती. “तो म्हणाला, इथे फुर्बा फार. दरीत पडलीस आणि फुर्बा म्हणून ओरडलीस तर चार जण येतील, आणि चौघांनाही वाटेल दुसरा उचलेल. मला नोर्साङ म्हण. आमचे सगळे लोक नोर्साङच म्हणतात. मी खिंडीवरून किती ओरडले, नोर्साङ, हळू चाल, माझे गुडघे म्हातारे!”

“सगळे?”

“सगळे. आणि म्हणाला, हे नाव आईने लोण्याच्या डब्यात दडवून ठेवलंय. तिला वाटतं मला माहीत नाही. पण मी झोपलो की पांघरूण घालताना हळूच म्हणते. मी जागा असतो.” ओदिलने यांगजीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू विरलं. “काय झालं? हे नाव घरात नको, असं तो दरवेळी सांगायचा, मी विसरले.”

धिरडं करपायला लागलं होतं. दोल्करने तवा उतरवला.

यांगजीला पांघरूण घालताना काही म्हटल्याचं आठवेना. पण म्हटलं असणार. नेम असा कधी मोडला, ते तिलाच ठाऊक नव्हतं, आणि पोराने डोळे मिटून ते ऐकून घेतलं होतं.

“थुप्तेन,” ती म्हणाली, “तुला ठाऊक होतं?”

त्याने मान खाली घातली. “वाटेवर सगळ्यांनाच ठाऊक होतं, सानीमा. गावाच्या मणी-भिंतीपाशी आलो की म्हणायचा, आता मी फुर्बा हं. आईसाठी.”

“किती वर्षं?”

“नऊ.”

नऊ वर्षं! दरेक खिंडीत, दरेक पुलावर, कुठल्या कुठल्या देशांची माणसं ते नाव मोठ्याने हाकारत होती. आणि मरण आलं नाही. मग तिच्या एका हाकेने आलं होतं का? नसेलही. पण तिचं मन त्या विचाराने हलकं झालं नाही. तिच्यासमोर दुसरंच येऊन उभं राहिलं: जगाने तिच्या पोराला त्याच्या नावाने पोटभर हाका मारल्या, आणि आईने मोठ्याने एकदाच.

थुप्तेनने ओदिलला बाजूला नेऊन तो गेल्याचं सांगितलं. ती रडायला लागली, तशी यांगजीने उठून स्वतःच्या कमरेच्या पट्ट्यापट्ट्यांच्या फडक्याने तिचे डोळे पुसले. “रडू नकोस, दिदी. त्याची वाट ओली होते.”

उजेड असतानाच ती गोम्पात गेली. लामा तेन्पा चौकामागच्या खोलीत बसले होते. पांढऱ्या दाढीचा मुखवटा मांडीवर, गालांवर त्याच्या कडांचे लाल वळ. गावाला हसवणारा म्हातारा तेच होते, आणि दर आठवड्याला तिच्या घरी येऊन मुलाला वाट सांगणारेही तेच.

तिने तीनदा वाकून नमस्कार केला आणि सगळं सांगितलं. मोजे, वळण, हाक, दगड. सांगताना एकदाही थांबली नाही.

लामांनी मुखवटा खाली ठेवला. “थोरल्या लामांनी नाव बदललं, तेव्हा मी तिथेच होतो, यांगजी. शाई मीच घोटली होती. तू गेल्यावर मी विचारलं, याने मरण खरंच चुकतं का? तर म्हणाले, पोराचा ताप उतरेल तेव्हा उतरेल. आई चार रात्री झोपलेली नाही, तिला झोप लागली पाहिजे.”

यांगजी म्हणाली, “मग हे मला कुणी सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर झोप लागली असती?”

“चोवीस वर्षं,” ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती लामांसमोर मोठ्याने बोलली. “चोवीस वर्षं मी माझ्या पोराला हाक मारली नाही!”

लामांनी मुखवट्याच्या दाढीतलं पीठ झटकलं. मग म्हणाले, “उद्या कागदावर दोन्ही नावं लिहू. हाक तू मार.”

एकोणपन्नासाव्या दिवशी सातही वाट्या तिने न सांडता भरल्या. लामांनी कागदावर फुर्बाच्या शेजारी नोर्साङ लिहिलं. पाठ संपत आला तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

यांगजी उठून उभी राहिली. दोल्करने तिच्या पाठीवर हात ठेवला.

“नोर्साङ,” ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, “नोर्साङ.” मग दाराबाहेर, मणी-भिंतीपर्यंत, खिंडीपर्यंत जाईल असं, “नोर्साङ, जा रे! मागे बघू नकोस. मी काही विसरले नाहीये, तूही काही विसरलेला नाहीस. जा!”

लामांनी कागद दिव्यावर धरला. आधी कमळ जळलं, मग फुर्बा, मग दुसरं. राख मातीत कालवून तिचा लहानसा स्तूप करायचा होता. यांगजीने ती ओंजळीत घेतली. गरम होती, तरी तिने ओंजळ सोडली नाही. डोळे कोरडेच होते. दोल्कर मात्र मागच्या दाराने बाहेर गेली आणि खूप वेळाने नाक लाल करून परतली.

दुपारी तुकडी खालच्या गावी निघाली. ओदिल तिच्या कपाळाला कपाळ लावून गेली. हे तिला कुणी शिकवलं होतं, ते विचारावं लागलं नाही. घंटा वाजवत ओझ्याच्या चवरी गाई पुढे गेल्या, मागून हमाल. अंगण रिकामं झालं.

चुलीवरच्या दांडीवर एक लोकरी टोपी राहिली होती. ओदिलची, अजून पीठ लागलेली.

यांगजी ती घेऊन अंगणाच्या कडेला आली. माणसं मणी-भिंतीच्या वळणाशी पोचली होती. तिने श्वास भरून घेतला. एक नाव ओठांशी आलं, ते तिने गिळलं.

“ए फुर्बा!”

दोघे हमाल वळले. एकाने ओझ्याखालून मान वर करून विचारलं, “कुठला फुर्बा, आमा?”

ती टोपी उंच धरून उभी होती.

“कुठलाही,” ती म्हणाली. “कुणीही ये, बाळा.”