मास्तरांच्या आवाजाची टेप

मी एक टेप बोलतेय. बोलतेय कसली, कुजबुजतेय, कारण मोठ्यानं बोलायची माझी छाती होत नाही. जन्मापासूनची भित्री आहे मी. पत्र्याच्या गोल डब्यात वेटोळं घालून पडलेली ही तपकिरी फीत बघून तुम्ही म्हणाल, हिला कसली आलीय भीती? पण माझ्याकडे जे काही आहे ते गंजासारख्या बारीक पुडीवर उमटलेलं आहे, आणि ती पूड चुंबक जवळ आलं की सगळं विसरते.

कारखान्यात लांबलचक प्लास्टिकवर डिंक आणि ती पूड फासून मला बनवलं. बायका सुती हातमोजे घालून आम्हाला डब्यांत भरत होत्या. त्यांतली एक दुसरीला म्हणाली, जपून गं, कोरी असली म्हणून काय झालं. तेवढीच काय ती माया मला लहानपणी मिळाली.

तिथून मी गेले गाण्यांच्या स्टुडिओत. तिथे एक पद्धत होती. सिनेमा लागला, की फसलेल्या टेकच्या, म्हणजे वाया गेलेल्या मुद्रणाच्या, टेपा गोळा करायच्या आणि कोपऱ्यातल्या यंत्रावर ठेवायच्या. पाटाएवढं चुंबक होतं ते. बटण दाबलं की गुरगुरायचं. त्याच्यावर आम्हाला दोन फेरे दिले की आम्ही पुन्हा कोऱ्या, नव्या गाण्याला मोकळ्या. मलाही तिथे ठेवलं होतं म्हणे. ‘म्हणे’ अशासाठी, की मला ते आठवत नाही. माझ्यावर आधी कोण गायलं, काय वाजलं, देव जाणे. पुसताना दुखत नाही, नंतर कळतही नाही. मला भीती वाटते ती याचीच.

त्या स्टुडिओत मास्तर यायचे. ते संगीतकार, पण कुणी बेसूर वाजवलं की चष्म्यावरून असे बघायचे, की वादकांनी त्यांचं नावच मास्तर पाडलं होतं. एका दुपारी गाण्याची चाल तयार होती, वादक बसले होते आणि शब्दांचा पत्ता नव्हता. गीतकार तापानं फणफणला होता. अशा वेळी संगीतकार डमी शब्द घालून स्वतःच चाल गाऊन ठेवतात. शब्दांना अर्थ नसला तरी चालतो, ते मात्रेत बसले की झालं.

मास्तरांची लेक तेव्हा चिमुरडी होती. सगळे तिला ठकू म्हणत. त्या दिवशी तिला ढोलकीवर चढू दिलं नाही म्हणून ती फुगली होती आणि वाद्यांच्या कपाटात जाऊन बसली होती. मास्तरांनी कपाटाच्या अर्धवट दाराकडे बघितलं, रेकॉर्डिस्टला खूण केली आणि गायला लागले:

“तिंबक तिंबा, टोपीत लिंबा, ठकू रुसली, कपाटात बसली…”

वादकांना हसू आवरेना. त्यांचं हसूही माझ्यावर आहे. पुढे गीतकाराचा ताप उतरला आणि त्यानं त्याच चालीवर ताटातुटीचं गाणं लिहिलं. सिनेमा लागला आणि लोक त्या गाण्याला ढसाढसा रडले. अजूनही रडतात. मला मात्र ते गाणं लागलं की टोपीतलं लिंबू दिसतं.

रीतीप्रमाणे माझी रवानगी त्या गुरगुऱ्यावर व्हायची. पण रेकॉर्डिस्टनं मला मास्तरांच्या पिशवीत टाकलं आणि म्हणाला, घरी न्या, पोरीला ऐकवा. त्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही, अर्थात मला कुणी विसरायला लावलं नाही तर.

मास्तरांच्या घरी मला कपाटात मधली फळी मिळाली आणि एक कडक नियम मिळाला: या घरात चुंबक आणायचं नाही. ठकूची खेळण्यातली चुंबकाची मासोळी शेजारच्या पोराला देऊन टाकली गेली. फ्रिजवर कधी चुंबकाचं एक चित्र लागलं नाही. ठकूनं त्यावरून आदळआपट केली, पण मास्तर बधले नाहीत.

वर्षं गेली. ठकू मोठी झाली, स्वतःच ध्वनिमुद्रण करू लागली. मास्तरांचे केस पिकले आणि एक दिवस त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी जीव वाचवला, आवाज काढून घेतला. तेव्हापासून मास्तर गळ्यात पाटी अडकवून असतात आणि काही हवं असलं की खडूनं लिहितात.

तेव्हाच सगळ्यांच्या लक्षात आलं, की जन्मभर दुसऱ्यांना गायला लावणाऱ्या या माणसाचा स्वतःचा आवाज कुठेच नाही. बाकीच्या डमी टेपा स्टुडिओनं कधीच पुसल्या होत्या. राहिले होते मी एकटी.

ठकू विनवायची, बाबा, एकदा लावू या, नक्कल काढून ठेवते. मास्तर पाटीवर लिहायचे, ‘नंतर’. स्वतःचा गेलेला आवाज ऐकायला ते घाबरत होते. मला ते समजायचं. खरं सांगायचं तर मीही सुटकेचा श्वास सोडायचे, कारण माझा डिंक आता सुटत चाललाय. यंत्रावर चढले तर फार तर एकदाच धड उतरेन. असे आम्ही दोघं भित्रे एकाच खोलीत राहत होतो.

मग पुरस्कार जाहीर झाला. जन्मभराच्या कामाचा, सगळ्यांत मोठा. मास्तरांना समारंभाला जाणं झेपणारं नव्हतं, म्हणून समितीचे अध्यक्ष पुरस्कार घेऊन घरी आले. सोबत एक फोटोग्राफर, दोन मोठे दिवे. अध्यक्ष साधा, भला माणूस. आल्या आल्या मास्तरांच्या पाया पडले. होस्टेलवर आईच्या आठवणीनं झोप यायची नाही तेव्हा तुमचंच गाणं म्हणायचो, असं त्यांनी सांगितलं. ते ताटातुटीचं गाणं त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ होतं. इतकं निर्मळ कौतुक मी कधी बघितलं नव्हतं. पण जाम घाबरले मी त्या दिवशी.

ठकू चहा टाकायला आत गेली. फोटोग्राफरनं मास्तरांची पाटी काढून बाजूला ठेवली, फोटोत बरी दिसत नाही म्हणून. मग त्याची नजर कपाटावर गेली. जुन्या टेपा त्याला फार आवडल्या. त्यानं नेमका माझाच डबा उघडला, मला बाहेर काढून टेबलावर आडवी ठेवली आणि म्हणाला, वा, काय रंग आहे.

अध्यक्षांनी खोक्यातून पुरस्कार काढला. काळ्या दगडाच्या बैठकीवर एका पायावर उभा असलेला पोलादी पक्षी.

“बघा मास्तर,” ते कौतुकानं म्हणाले, “ना खिळा, ना स्क्रू. खाली जाडजूड चुंबक बसवलंय. तुमच्या सुरांसारखा अधांतरी उभा आहे की नाही?”

आणि त्यांनी तो पक्षी बैठकीसकट माझ्या अंगावर ठेवला.

 दुखलं तर नाहीच. नुसता एक जडपणा, आणि माझ्यातलं काहीतरी निघून जातंय की नाही तेही कळेना. मी आतल्या आत घोकत राहिले, तिंबक तिंबा, तिंबक तिंबा.

मास्तरांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी तोंड उघडलं. आवाज कुठून येणार? त्यांनी दोन्ही हात हलवले. अध्यक्षांनी ते हात हातात घेऊन कपाळाला लावले.

“राहू द्या मास्तर. आम्हाला कळतंय.”

मास्तर पाटी शोधू लागले, ती दिव्यामागे. त्यांनी काठी जमिनीवर आपटली, पुन्हा आपटली. फोटोग्राफर म्हणाला, या वयात काय ताल आहे बघा. आणि दोघंही त्या तालावर टाळ्या वाजवू लागले. मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि फोटोवर फोटो निघत होते.

शेवटी मास्तर उठले. आधाराशिवाय न उठणारा माणूस तो. त्यांनी काठी फिरवली आणि पक्षी माझ्यावरून थेट भिंतीवर जाऊन आदळला. दगडाचे दोन तुकडे झाले. अध्यक्ष दोन पावलं मागे सरले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्यानं पुरस्कार लाथाडला.

आवाज ऐकून ठकू धावत आली. तिनं भिंतीजवळचं चुंबक बघितलं, टेबलावर मला बघितलं.

“बाबा, हीच ना ती?”

मास्तरांनी मान हलवली. ठकूनं अध्यक्षांना सगळं सांगितलं तेव्हा ते मटकन खाली बसले.  जायलाही तयार नव्हते. काय उरलंय ते कळल्याशिवाय मी इथून हलत नाही, म्हणाले.

आता ‘नंतर’ म्हणायला जागाच नव्हती. ठकूनं मला शेजारच्या खोलीतल्या यंत्रावर चढवलं. माझा डिंक करकरत होता. मी तुटेन, मी कोरी निघेन, मी या माणसाच्या तोंडावर नुसती खरखर करेन, अशा शंभर भीती मला एकदम वाटल्या. चाक फिरलं.

आधी वादकांची खुडबुड आली. मग मास्तर आले. तरुण, खट्याळ, भरदार. “तिंबक तिंबा, टोपीत…” आणि भोक. आवाजच नाही. पुन्हा, “…रुसली, कपाटात…” पुन्हा भोक. चुंबक अंगाला जिथे टेकलं होतं, तिथे प्रत्येक वेढ्यातला तुकडा पुसला गेला होता. ‘ठकू’ हा शब्दच गेला होता.

ठकूनं यंत्र थांबवलं. “गेलं बाबा. माझ्यामुळे गेलं, मी आत जायला नको होतं.” आणि ती लहान मुलीसारखी रडायला लागली.

मास्तरांनी पाटी मागितली. स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘आहे तेवढं वाजव.’

तिनं वाजवलं. जिथे जिथे भोक आलं, तिथे मास्तरांचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण ठकू त्यांच्या तोंडाकडेच बघत होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं. दारात उभ्या असलेल्या अध्यक्षांना आपलं लाडकं गाणं ओळखू आलं तेव्हा ते रडता रडता हसले. शेवटच्या वेढ्यापर्यंत मी तुटले नाही. कशी, ते मलाच ठाऊक नाही.

आता माझी नक्कल निघाली आहे. मास्तर ती रोज ऐकतात. मी परत माझ्या डब्यात आहे, अंगावरची निम्मी पूड झडलेली. मला आता वाजवू नका, मी नाही टिकायची. तुमच्याही घरात कुणाचा आवाज कुठे दडलेला असेल, तर त्याला माझ्यासारखं घाबरून बंद ठेवू नका, तो माणूस समोर आहे तोवर ऐका. आणि माझ्यासाठी काही करावंसं वाटलंच, तर एवढंच करा, माझ्यावर काही ठेवू नका. बक्षीस तर मुळीच नको.