कांद्याच्या पातीचा मार

"इंजिनिअरिंगच्या जोडीला ज्यू संस्कृती? ती तर आपल्या घरात फुकट मिळते!" विद्यापीठात जोडविषय घेतल्यापासून हर्शमामा मला असंच चिडवायचे.

यंदा पिट्सबर्गला आमच्या वल्हांडणाच्या, म्हणजे ज्यूंच्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या, जेवणाला ताईचा होणारा नवरा, बेहरूझ, पहिल्यांदाच आला. सुटकेचं गाणं सुरू होताच त्याने कांद्याची पात उचलली आणि मामांच्या पाठीत सपकन हाणली. सगळे गार पडले. हे सगळ्याच ज्यू घरांत चालतं, असं वाटणाऱ्या बिचाऱ्याचा चेहरा उतरला.

मी दुसरी पात उचलून मामांना आणखी एक लगावली.

"इराणी ज्यूंची रीत आहे ही, मामा! इजिप्तच्या गुलामीतले फटके आठवायचे. वर्गात शिकले. घरात नव्हतं मिळालं!"

मामांनी पाठ चोळली, बेहरूझकडे रोखून पाहिलं आणि आईला ओरडून विचारलं, "आणखी पात आहे का गं घरात?"