कोरं रक्त

आमच्या प्रयोगशाळेत रुबेलाच्या तपासणीसाठी जी 'कोरी' बाटली वापरतात, तिच्यात अकरा वर्षं माझं रक्त होतं.

तपासणीच्या प्लेटमध्ये शहाण्णव खळगे असतात. ज्याला रुबेला होऊन गेला आहे किंवा ज्याने लस घेतली आहे, त्याचं रक्त घातलेला खळगा पिवळा होतो. एक खळगा मात्र पिवळा होता कामा नये. तो झाला तर सगळी प्लेट फुकट. त्या खळग्यासाठी ज्याची ना रोगाशी गाठ पडली ना लसीशी, अशा माणसाचं रक्त लागतं, आणि मोठ्या माणसांत ते सहसा मिळत नाही. माझं तसं होतं. शाळेत लस टोचायला आले त्या दिवशी मी तापाने घरी होते. नोकरी लागल्यावर लस घ्यायला हवी होती, तसा नियमच आहे. पण मग कोरं रक्त आणायचं कुठून? दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी दंड पुढे करायची आणि लस पुढे ढकलायची. सगळ्यांना त्याचं कौतुक होतं. मलाही.

या मंगळवारी तो खळगा पिवळा झाला.

"माझाच हात चुकला असणार," आमचे तंत्रज्ञ काका म्हणाले. त्यांचा हात चुकलेला मी कधी पाहिलेला नाही. त्यांनी पुन्हा प्लेट लावली. पुन्हा पिवळा. गेल्या महिन्याची बाटली फ्रीजरमधून काढली, ती स्वच्छ निघाली. मग कालच्या रक्तावर ताज्या लागणीची चाचणी केली. तिच्यातही लागण दिसली.

"मॅडम, लागण व्हायला आधी माणसांत जावं लागतं," काका हसत म्हणाले. "तुम्ही कधी गेलात?"

मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली.

मला ना ताप आला होता, ना अंगावर पुरळ. निम्म्या लोकांना येतच नाही. मोठ्या माणसाला रुबेला म्हणजे किरकोळ दुखणं. पण बाईला दिवस गेलेले असतील आणि पहिले तीन महिने असतील, तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय, काहीही जाऊ शकतं.

लागण झालेल्याने संपर्काची यादी भरायची असते. तो कागद मीच तयार केला आहे. गेल्या तीन आठवड्यांत हाताच्या अंतरावर, पंधरा मिनिटांहून जास्त वेळ कोणाजवळ बसलात? खाली वीस ओळी. लोकांना त्या पुरत नाहीत, मागच्या बाजूला लिहावं लागतं. मी खुर्ची ओढून बसले. प्रयोगशाळेत आम्ही तोंड झाकून आपापल्या टेबलाशी असतो. डबा मी माझ्या खोलीत खाते. घरी कोणी नाही. बराच वेळ विचार करून मी एकच नाव लिहिलं. धाकट्या बहिणीचं.

आई गेली तेव्हा मी साथीच्या कामावर होते, पोचले ती सगळं आटोपल्यावर. त्यानंतर दीड वर्ष बहीण माझ्याशी बोलली नाही. पंधरा दिवसांपूर्वी तिचा फोन आला, "मला दिवस गेलेत. यायचं तर ये." मी गेले. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून बराच वेळ रडली. पंधरा मिनिटांहून नक्कीच जास्त.

मी तिला फोन लावला.

"काय गं ताई, एवढ्यात पुन्हा आठवण? तब्येत बरी आहे ना तुझी?"

"तुझ्या पहिल्या तपासणीच्या चिठ्ठीवर एक नंबर असेल. तेवढा सांग."

दवाखान्यांतलं उरलेलं रक्त आमच्याकडे नंबराने साठवलेलं असतं. तिचं पहिल्या तपासणीचं रक्त मी तिच्याकडे जायच्या आधीचं होतं. त्यात संरक्षण असेल तर काळजी नव्हती.

"कशाला?"

मी सांगितलं. न लपवता, लसीचंही.

"शाळेत ते टोचायला आले तेव्हा मी मुतारीत लपले होते," ती म्हणाली. "घरभर सांगत फिरले होते मी. तुझ्या लक्षात नसेल."

"लक्षात आहे."

"दीड वर्षाने आलीस आणि हे घेऊन आलीस." तिने नंबर सांगितला आणि फोन ठेवला.

काकांनी त्या नंबरचं रक्त काढून प्लेट लावली. कोऱ्या खळग्यात माझी गेल्या महिन्याची उरलेली बाटली घातली, तिच्यातला शेवटचा थेंब. अडीच तास लागतात. इतरांना मी आजवर सांगत आले होते, अडीच तास म्हणजे काही फार नाही.

शेवटचं द्रावण घातलं तसा तिचा खळगा पिवळा झाला, चांगला गडद. माझा कोराच राहिला. ताज्या लागणीची चाचणीही स्वच्छ आली. काकांनी आकडा माझ्यासमोर धरला आणि दार ओढून घेऊन बाहेर गेले.

"तुला पूर्वीच लस मिळालेली दिसते," मी बहिणीला म्हटलं. "बाळाला धोका नाही. तुझ्या डॉक्टरांना मी लेखी कळवते."

"पण मी तर लपले होते."

"मग नंतर कोणी तरी नेलं असेल."

"आईच. दुसऱ्या दिवशी धरून नेलं असेल." ती म्हणाली. "मला काहीच आठवत नाही गं. आता विचारायचं तरी कोणाला?"

मलाही ते माहीत नव्हतं. मी तापाने झोपून होते.

"यादीत आणखी कोण कोण आहे?" तिने विचारलं. "त्यांनाही असंच घाबरवलंस?"

"तू एकटीच आहेस."

ती म्हणाली, "लस घेऊन टाकायची होतीस गं तेव्हाच," आणि आत कोणी तरी हाक मारली म्हणून गेली. ये म्हणाली नाही. येऊ नकोस असंही म्हणाली नाही.

मी यादी पुढे ओढली. तिच्या नावापुढे 'सुरक्षित' लिहिलं. लागण कोणाकडून झाली, या रकान्यात 'माहीत नाही'. मागाहून कोणी नाव घुसडू नये म्हणून रिकाम्या ओळींवर तिरकी रेघ मारायची, हाही नियम माझाच. दुसऱ्या ओळीपासून विसाव्या ओळीपर्यंत रेघ मारायला माझी पट्टी लहान पडली. ती सरकवून मी उरलेली रेघ पुरी केली.